कोटांचा वर्ग

बाईंनी स्वतःचाच आवाज ऐकला. त्या मागच्या जिन्याच्या वळणावर उभ्या होत्या, हातात झेरॉक्सचा गरम गठ्ठा, तोंड मिटलेलं, आणि खालून, कोट टांगायच्या खोलीतून, त्यांचा आवाज येत होता. "ऐका. नीट ऐका. आता. पुन्हा. एकदा." इंग्रजीत, अर्थात, या शाळेत बाई दिवसभर इंग्रजीच बोलत. पण प्रत्येक शब्दानंतरचा तो थांबा त्यांचाच होता, शेवटच्या शब्दाची वर उचललेली शेपटीही त्यांचीच, आणि त्या सगळ्यावरून फिरवलेला साखरेचा हातसुद्धा. आधी त्यांना वाटलं, कुणीतरी आपलं बोलणं रेकॉर्ड करून लावलंय. मग आवाज म्हणाला, "नाही, नाही, घाबरायचं नाही, मला सांग बरं, तुला. काय. दिसतं?" आणि बाईंच्या अंगावर काटा आला, कारण हे वाक्य त्यांनी आदल्याच दिवशी एका चित्रावर बोट ठेवून अगदी असंच म्हटलं होतं. चेहरा माणूस रोज आरशात बघतो, त्याच्याशी त्याने कधीच जमवून घेतलेलं असतं. आवाजाचं तसं नसतं. हा आवाज बाईंना आवडला नाही. आजारी माणसाला औषध पाजताना काढतात तसला होता तो, प्रेमळ आणि किंचित घाईतला, आणि ऐकणाऱ्याला काही कळत नाही हे आधीच ठरवून बसलेला.

त्या पाय न वाजवता खाली उतरल्या. दार अर्धवट उघडं होतं. आत खुंट्यांच्या रांगेवर लहान वर्गांतल्या मुलांचे कोट लटकत होते, लाल, निळे, एक वाघाच्या कानांचा, आणि त्यांच्यासमोर पेन्सिल धरून पाठमोरी उभी होती टोपी. शिक्षकांच्या खोलीत सगळे तिला टोपीच म्हणायचे. मोहरीच्या रंगाची लोकरीची टोपी भुवयांपर्यंत ओढलेली, वर्गातही तीच, जेवतानाही तीच. पाचवीतली मुलगी. वर्ष सुरू झाल्यापासून तिने शाळेत एक शब्द उच्चारला नव्हता. इंग्रजी तर नाहीच, पण स्वतःच्या भाषेतही नाही, हो नाही, नको नाही, पडली तरी आई गं नाही. आता तीच टोपी पेन्सिलीने वाघाच्या कोटाकडे रोखून विचारत होती, "तू सांग. काय दिसतं?" मग तिने त्या कोटाची बाही उचलली आणि चिरक्या, नाकातल्या आवाजात म्हणाली, "बाई, मला हत्ती दिसतो." "शाब्बास," बाईंचा आवाज म्हणाला, "किती छान हत्ती." आणि तिने कोटाच्या खांद्यावर थोपटलं, चार बोटांनी, हळू, जसं बाई थोपटत.

आत जाऊन तिला मिठी मारावी असं वाटायला हवं होतं, आणि तसं वाटलंही, पण त्याआधी बाईंचे पाय त्यांना वर घेऊन गेले होते. वरच्या मजल्यावर पोचल्यावर त्या मुद्दाम चपला वाजवत चालू लागल्या, जणू आपण आत्ताच आलो. कुणासाठी हे नाटक, त्यांनाच कळलं नाही. मनात एकदम दोन गोष्टी होत्या. एक आनंद होता, की पोरगी बोलते, नुसती बोलत नाही तर आख्खा वर्ग चालवते. आणि दुसरी जरा लागल्यासारखी होती. हिने माझं हेच उचललं का? इतकी वर्षं मी मुलांशी बोलतेय ती अशी बोलतेय का?

शाळा आंतरराष्ट्रीय होती, म्हणजे मुलांचे आईबाप कुठून कुठून कामासाठी आलेले आणि मुलांच्या घरी बोलल्या जाणाऱ्या भाषा इतक्या, की शाळेलाही त्या सगळ्या धड ठाऊक नव्हत्या. इंग्रजी न येणारी मुलं आली की ती बाईंच्या वाट्याला. कधी बाई त्यांच्या वर्गात जाऊन त्यांच्या शेजारी छोट्या खुर्चीवर बसत, विज्ञानाचे शिक्षक जे सांगतात ते कुजबुजत सोपं करून देत. कधी मुलांना आपल्या खोलीत आणत. खोली म्हणजे पूर्वी खेळाचं सामान ठेवायची जागा. ओल्या दिवसांत अजून चेंडूंच्या रबराचा वास यायचा. बाईंना ती खोली आवडायची. तिथे येणारी मुलं वर्गापेक्षा थोडी उंच दिसायची, कारण तिथे खांदे पाडून बसायचं कारण नसायचं. टोपीही यायची, खिडकीशी बसायची, चित्रं जुळवायची, सांगितलेल्या वस्तूवर बरोबर बोट ठेवायची आणि गप्प राहायची. बाई सगळ्यांना सांगत, नव्या भाषेत मूल आधी ऐकतं, भरपूर ऐकतं, बोलणं मागून येतं. सांगताना त्यांचा स्वतःवर विश्वास असे. पण अलीकडे तो विश्वास सकाळी जास्त आणि दुपारी कमी असायचा. आणि आज शाळा सुटल्यावर टोपीच्या आईला बोलावलं होतं. तिला दोन वर्ग खाली बसवायचं आणि डोक्याच्या डॉक्टरांकडून तपासून घ्यायचं, असा वर्गशिक्षकांचा विचार होता. दोन वर्ग खाली म्हणजे तिचे गुडघे बाकाखाली मावणार नाहीत, बाईंच्या मनात पहिल्यांदा हेच आलं होतं.

आता हातात हुकमाचा पत्ता होता. मीटिंगमध्ये फक्त एवढंच सांगायचं: मी तिला बोलताना ऐकलं. विषय मिटला असता. तरी बाई गठ्ठा टेबलावर ठेवून खिडकीबाहेर बघत बसल्या, आणि त्यांना मामांचं न्हाणीघर आठवलं. बाई एका छोट्या गावातल्या मराठी शाळेतून शहरातल्या कॉलेजात आल्या होत्या, मामांकडे राहायला. कॉलेजात सगळं इंग्रजी. पहिलं वर्षभर त्या वर्गात अशा बसल्या की प्राध्यापकांना त्यांच्या गैरहजेरीचाही पत्ता लागला नसता. पण घरी न्हाणीघरात गेल्यावर त्या नळ मोठा सोडायच्या आणि पाण्याच्या आवाजाआड इंग्रजी बोलायच्या. बादलीशी, साबणाशी, कुणाशीही. भांडायच्या, भाव करायच्या, एकदा तर साबणाला नोकरीवरून काढून टाकलं होतं. कसं कोण जाणे, मामेबहिणीने ऐकलं. ती काही चहाडखोर नव्हती, तिला कौतुकच वाटलं. संध्याकाळी पाहुणे जेवायला असताना तिने ते सांगितलं आणि मामांचा चेहरा उजळला. "अगं, मग आमच्यासमोर लाजतेस कशाला? बोल की चार वाक्यं. हे बघा, आमची भाची." कुणी चेष्टा केली नाही. सगळे ताटावरून मान वर करून हसऱ्या, मायेच्या डोळ्यांनी वाट बघत राहिले. बाईंना तो क्षण अजून ताटातल्या वाटीच्या काठासकट दिसतो. त्यांनी तोंड उघडलं होतं, आणि घशात काहीच नव्हतं. त्यानंतर न्हाणीघरात नळ तसाच मोठा सुटायचा, पण त्यामागे आता फक्त आंघोळ असायची. पुन्हा बोलायला त्यांना फार उशीर लागला. मामांनी प्रेमानेच केलं होतं. म्हणून तर त्यांच्यावर रागावताही आलं नाही कधी.

डबा उघडला तेवढ्यात फोन वाजला. आईचा. आई लांब, दुसऱ्या देशात, तिथे तेव्हा संध्याकाळ, आणि बाईंच्या जेवणाच्या सुट्टीचा मुहूर्त तिला पाठ. "जेवलीस का?" आईने विचारलं. "जेवते. आहे. आता. तू. बरी. आहेस. ना?" बाई म्हणाल्या. मग आई म्हणाली, "एक विचारू? रागावू नकोस. हल्ली तू माझ्याशी अशी का बोलतेस गं?"

"अशी म्हणजे?"

"तोडून तोडून. घास भरवल्यासारखी. मला ऐकू येतं अजून. डोकंही जाग्यावर आहे."

आजच्याच दिवशी टोपीने आणि आईने ठरवून धरल्यासारखं झालं होतं. "सवय झाली गं," त्या शेवटी म्हणाल्या, "दिवसभर तसंच बोलावं लागतं."

"बोल बापडी. पण मी तुझी विद्यार्थिनी नाही." आई हसली. "आणि नात काय म्हणते? मराठी बोलते का काही?"

"तिला समजतं सगळं."

"समजतं तर आमच्या मांजरीलाही," आई म्हणाली, "दूध म्हटलं की कान टवकारते."

फोन ठेवल्यावर बाई हसल्या, आणि हसू संपल्यावरही घास तोंडातच राहिला. लेक घरात "आई" एवढा एकच मराठी शब्द वापरायची, आणि तोसुद्धा इंग्रजी वाक्याच्या शेवटी, शर्टाला लावलेल्या बिल्ल्यासारखा. हे कधी झालं, असं विचारलं तर बाईंना तारीख सांगता आली नसती. एखादा डाग हळूहळू फिका होत जातो आणि एक दिवस जागाच सापडत नाही, तसं.

जेवणाच्या सुट्टीनंतर टोपी आली. रोजच्यासारखी खिडकीशी बसली. बाहेर वारा सुटला होता आणि खिडकीची काच नीट लागत नव्हती, फटीतून गार झोत थेट मुलीच्या मानेवर येत होता. बाईंनी खिडकी ओढली. लागेना. जोर लावला. लागेना. "मेले, आजच अडायचं होतं का तुला," बाई मराठीत पुटपुटल्या, आणि खिडकीला एक दणका दिला. टोपीने मान वर केली. तिच्या डोळ्यांत जे होतं ते बाईंनी इतक्या महिन्यांत बघितलं नव्हतं: साधं कुतूहल. मग बाईंनी काही ठरवलं असं नाही, पण त्या थांबल्याही नाहीत. नळ सुटावा तशा त्या मराठीत बोलत सुटल्या, शेजारणीशी बोलावं त्या वेगाने. "बघ ना, किती वेळा सांगितलं त्या दुरुस्तीवाल्याला, उद्या येतो म्हणतो, त्याचं उद्या काही उजाडत नाही. त्यात सकाळपासून माझं डोकं ठिकाणावर नाही, आईने फोनवर झापलं, दुपारी ती मीटिंग, आणि तू इथे गारठून बसली आहेस, मला तरी काय सुचणार, सांग." हातवारे, भुवया, सगळं काही त्यांचं घरचं. टोपी एकटक बघत होती. मग ती उठली, खिडकीच्या खालच्या बिजागरीशी वाकली, बोटाने काहीतरी उचकटलं आणि पेन्सिलीचा एक चेपलेला तुकडा बाईंच्या डोळ्यांसमोर धरला. आणि बोलली. तिच्या भाषेत, भराभर, जरा वैतागून. बाईंना एक अक्षर कळलं नाही आणि सगळं कळलं: इतकी मोठी बाई आणि खाली बघायला काय झालं होतं.

खिडकी लागली. टोपीने काचेवर टकटक करून एक शब्द म्हटला. खिडकी, किंवा काच, किंवा वारा. बाईंनी तो म्हणून बघितला. टोपीने मान हलवली. त्यात एक अक्षर होतं, ख आणि ह यांच्या मधे कुठेतरी, घशाच्या अशा कोपऱ्यात जिथे बाई आयुष्यात कधी गेल्या नव्हत्या. पुन्हा म्हटला. पुन्हा चुकला. तिसऱ्यांदा तर ठसकाच लागला. तेव्हा टोपीने डोकं एका बाजूला कलवलं, बोटं जुळवली, आणि बाईंच्या साखरेच्या आवाजात, स्वच्छ इंग्रजीत म्हणाली, "जवळ. जवळ. आलं. नीट ऐका. आता. पुन्हा. एकदा."

म्हणून झाल्यावर ती स्वतःच घाबरली. टोपीखालचा चेहरा एकदम पांढरा. पण बाई खुर्चीत बसल्या होत्या आणि पोट धरून हसत होत्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, आवाज न करता, शेजारी वर्ग चालू होता म्हणून. टोपी थोडा वेळ बघत राहिली, मग तिच्याही तोंडाचा एक कोपरा हलला, आणि मग तीही हसली, नाकातून, घोड्यासारखं. सकाळचं ते लागलेलं कुठल्या कुठे गेलं. चोरून ऐकलेली गोष्ट आता समोरासमोर, हातात दिल्यासारखी मिळाली होती. बाईंनी डोळे पुसले आणि इंग्रजीत विचारलं, "आज तुझी आई येणार आहे, माहीत आहे ना? तू येशील?" हसू विझलं. टोपीने टोपी आणखी खाली ओढली. "बोलणार नाही," ती इंग्रजीत म्हणाली, आणि हा तिचा स्वतःचा आवाज होता, कुणाचा उसना नव्हे. बारीक, जरा घोगरा, वापरात नसलेल्या बिजागरीसारखा. "नको बोलूस," बाई म्हणाल्या. "नुसती बस. आणि मीही तिथे कुणाला काही सांगणार नाही." तिने पडताळून बघितल्यासारखं बाईंकडे बघितलं आणि मान डोलावली. म्हणजे हुकमाचा पत्ता गेला. बाईंनी तो आपणहून दिला होता, आणि तरी त्यांना हलकं वाटलं, निदान मीटिंग सुरू होईपर्यंत.

मुख्याध्यापिकांच्या खोलीत चार खुर्च्या गोल मांडल्या होत्या, म्हणजे सगळे सारखे आहेत असं वाटावं. टोपीची आई कोटाची सगळी बटणं लावून खुर्चीच्या काठावर बसली होती. शाळेच्या ऑफिसात तिची भाषा येणारी एकच मुलगी होती आणि ती आज नेमकी आजारी. बाप कामानिमित्त परगावी. टोपी दाराजवळच्या स्टुलावर, भिंतीला चिकटून. वर्गशिक्षक हातातल्या पेनाचं बटण दाबत सोडत होते, टक टक टक. ही त्यांची सवय. वाईट माणूस नव्हता तो. दर सोमवारी टोपीच्या बाकावर नवी रंगीत चित्रं ठेवायचा. "मला ती आवडते," ते म्हणाले. "पण तिला कळतं की नाही हेच मला कळत नाही. मी शिकवतो, ती माझ्याकडे बघते. भिंतीकडेही तशीच बघते. लहान वर्गात तिच्यावर ताण कमी पडेल. आणि तपासणी केली तर बिघडलं कुठे?"

"ती ऐकते आहे," बाई म्हणाल्या. "गप्प असणं आणि न कळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत."

"मान्य. पण किती दिवस?"

"आपल्याकडे दाखवण्यासारखं काही आहे का?" मुख्याध्यापिकांनी चष्मा काढून विचारलं. महत्त्वाचं बोलताना त्या चष्मा काढत आणि त्याची दांडी हनुवटीला टेकवत. "तुम्ही तिच्याबरोबर सगळ्यांत जास्त असता. तिला समजतं याचा एखादा पुरावा?"

बाईंच्या जिभेवर आख्खी कोटांची खोली आली, वाघाच्या कानांसकट. त्यांनी दाराकडे बघितलं. टोपी आपल्या बुटांकडे बघत होती, श्वास रोखून. "आहे," बाई म्हणाल्या, "पण तो दाखवण्याचा हक्क माझा नाही." पेन टक टक करायचं थांबलं. आपण हरलो, बाईंना वाटलं, एका चांगल्या वाक्यापायी पोरीला दोन वर्ग खाली पाठवलं आपण. काहीतरी करायला हवं म्हणून त्या टोपीच्या आईकडे वळल्या आणि साध्या इंग्रजीत विचारलं, "घरी कशी असते ही? घरी बोलते का?"

आईने प्रश्न तोंडातल्या तोंडात घोळवला. मग एकेक शब्द शोधून ठेवत ती म्हणाली, "घरी इंग्रजी. फक्त इंग्रजी. शाळा म्हणाली." तिने मुख्याध्यापिकांकडे बघून आदराने मान झुकवली. "चांगला सल्ला. पण माझं इंग्रजी लहान. म्हणून मी गप्प. ती गप्प. जेवण, गप्प. झोप, गप्प." आणि तिने हात मांडीवर उलटे ठेवले, आता आणखी शब्द नाहीत अशा अर्थी.

बाईंच्या डोळ्यांसमोर ते घर आलं. टेबलावर तीन ताटं, चमच्यांचे आवाज, एकमेकींवर जीव असलेल्या मायलेकी आणि मधे एका भाषेचं कुलूप, जे त्यांनी स्वतःच, शहाण्यासारखं, शाळेचं ऐकून लावलेलं. मुलगी शाळेत गप्प म्हणून सगळे काळजीत, आणि ती गप्प राहायला घरूनच शिकून येत होती. आणि हाच सल्ला बाईंनाही मिळाला होता. लेक बालवर्गात असताना, असल्याच एका ऑफिसात, एका हसऱ्या बाईकडून. घरी इंग्रजीच बोला, म्हणजे तिला सोपं जाईल. त्यांनी मानला होता. फरक एवढाच, की त्यांना इंग्रजी येत होतं, त्यामुळे घर गप्प झालं नाही. घरात गडबड चालू राहिली, हसणं, रुसणं, सगळं, आणि त्या गडबडीत काय गेलं ते ऐकूच आलं नाही.

"हे आमचं चुकलं," मुख्याध्यापिका म्हणाल्या. त्यांनी पुन्हा चष्मा काढला होता. "कुणी सांगितलं असेल ते असो, पण शाळेचं चुकलं. घरी तुम्ही तुमच्या भाषेत बोला. जितकं बोलाल तितकं चांगलं. गोष्टी सांगा, रागवा, गाणी म्हणा. त्याने तिचं इंग्रजी मागे पडणार नाही, उलट पुढे जाईल." वाक्य लांब होत गेलं होतं. आई हसऱ्या, हरवलेल्या चेहऱ्याने ऐकत होती. यातलं तिला एखाददुसरं कळलं असेल. बाई सोपं करून सांगायला पुढे वाकल्या, आणि त्याच वेळी दाराजवळचं स्टूल सरकल्याचा आवाज झाला.

टोपी उठून आईजवळ आली होती. तिने आईच्या कोटाची बाही धरली आणि त्यांच्या भाषेत बोलायला लागली. आधी हळू, मग भराभर. बोलता बोलता तिने डोळ्यांवरचा नसलेला चष्मा काढला आणि त्याची दांडी हनुवटीला टेकवली. मुख्याध्यापिकांचा हात आपसूक स्वतःच्या चष्म्याकडे गेला. मग टोपीने अंगठ्याने हवेत टक टक टक केलं, खांदे वर केले, आणि भिंतीकडे बोट दाखवून डोळे वटारले, भिंतीकडेही तशीच बघते ते. "हा मी आहे का?" वर्गशिक्षकांनी बाईंना दबक्या आवाजात विचारलं. "असं दिसतंय," बाई म्हणाल्या. पहिल्यापासून शेवटपर्यंत, कुणी काय म्हटलं, कुठे थांबलं, सगळं ती आईला सांगत होती. खालचा वर्ग सांगताना तिने हात जमिनीपासून जेमतेम वर धरला आणि स्वतःच तोंड वाकडं केलं. आईने मधेच काहीतरी विचारलं, तीव्रपणे, मुख्याध्यापिकांकडे बघत. टोपी वळली. तिने टोपी किंचित मागे सारली. आणि त्या घोगऱ्या, स्वतःच्या आवाजात, इंग्रजीत म्हणाली, "आई विचारते, खरंच?"

"खरंच," मुख्याध्यापिका म्हणाल्या.

टोपीने तो एक शब्द आईला दिला. मग आई बोलायला लागली, आणि बरेच दिवस बंद असलेला नळ आधी खोकतो, थुंकतो, आणि मग पाणी येतं, तसं ते झालं. कोटाची बटणं सुटली. ती बोलत होती, रागवत होती, बहुतेक त्या टोपीवरूनच, कारण तिने ती ओढून काढली आणि पोरीचे चपटे झालेले केस बोटांनी उलगडायला लागली. पोरगी वाद घालत होती, मधेच दोघी हसत होत्या, आणि खोलीत आणखी माणसं आहेत याचं दोघींनाही भान नव्हतं. कुणी त्यांना थांबवलं नाही. ठरलं एवढंच, की वर्ग तोच राहील, तपासणी तूर्त नाही, मोठ्या सुट्टीनंतर पुन्हा बघायचं. "पण लिहिण्याचं काय करायचं?" वर्गशिक्षकांनी उठता उठता विचारलंच, आणि त्यांचंही खरं होतं; लिहिण्याचं सगळं अजून व्हायचं होतं. बाहेर पडताना टोपीच्या आईने बाईंचे दोन्ही हात धरून आपल्या भाषेत खूप वेळ काही सांगितलं. "अहो, असू द्या, असू द्या," बाई मराठीत म्हणाल्या, "पोरगी तुमची हुशार आहे, मी कुठे काय केलं." आणि दोघींना एकमेकींचं पटलं.

घरी लेक स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली होती, एक पाय दुसऱ्या खुर्चीवर, एका कानात गाणं. बाईंनी पर्स ठेवली, चहाचं आधण ठेवलं आणि मराठीत म्हणाल्या, "आज शाळेत काय गंमत झाली, माहीत आहे? एक मुलगी आहे, आम्ही तिला टोपी म्हणतो."

लेकीने कानातलं काढून आजूबाजूला बघितलं. "आई, फोनवर आजी आहे का?" तिने इंग्रजीत विचारलं.

"नाही. तुझ्याशीच बोलतेय."

"पण मराठीत का?"

"सांगते ना, ऐक तरी," बाई म्हणाल्या, आणि सांगायला लागल्या. आधी स्वतःलाच अवघडल्यासारखं झालं, लेकीशी हे शब्द वापरून किती वर्षं झाली होती कोण जाणे, पण जिन्याच्या वळणावर पोचेपर्यंत जीभ सैल झाली. कुठे थांबल्या नाहीत, कुठे सोपं केलं नाही. खुंटी म्हणाल्या, बिजागरी म्हणाल्या, उचकटलं म्हणाल्या. चहा उतू गेला तरी सांगत राहिल्या. लेकीने पाय खुर्चीवरून खाली घेतला होता. साबणाला नोकरीवरून काढलं तिथे ती बरोबर हसली. पेन्सिलीच्या तुकड्याशी हसली. चार खुर्च्यांच्या खोलीत, टोपीच्या आईने हात मांडीवर उलटे ठेवले तिथे मात्र हसली नाही. बाई कप शोधायला वळल्या आणि गोष्ट क्षणभर तिथेच राहिली. मग लेक घसा खाकरून, एकेक शब्द चाचपत, जिना अंधारात उतरावा तशी म्हणाली, "मग तिचा आई काय बोलला?"

बाईंच्या जिभेवर दुरुस्ती तयार होती. दिवसभराचा धंदाच तो. त्यांनी ती गिळली, कप तसेच ओट्यावर ठेवले आणि लेकीसमोरची खुर्ची ओढून बसल्या.

"सांगते," त्या म्हणाल्या.